पाखरांनी खाल्लेली ज्वारी

त्या येळवशीला सबनीस साहेबांनी आमच्या रानात पहिल्यांदा बूट काढले. एरवी हा माणूस आमच्या शिवारात पाय ठेवण्याआधी गाडीतून प्लास्टिकच्या दोन पिशव्या काढायचा, बुटांवर चढवायचा, वरून रबर लावायचा आणि मग आम्हाला सांगायचा, की तुमच्या मातीत घाबरण्यासारखं काहीही नाही. जाताना त्या पिशव्या बांधावरच टाकून जायचा. त्या दिवशी मात्र पूजा होती, मुंबईहून दोन मोठे साहेब आले होते आणि त्यांच्याबरोबर फोटो काढणारा होता. म्हणून सबनीसांनी मोजेसुद्धा काढले आणि गोरेपान तळवे टेकत, ढेकळाढेकळाला दचकत ते ज्वारीतून कडब्याच्या कोपीपर्यंत पोचले.

"या साहेब, या," आबा हात जोडून पुढं धावले. "आज तुमीच आमचे पांडव."

"पांडव म्हणजे?" मुंबईच्या एका साहेबांनी विचारलं.

"ते पाच दगड," मी कोपीतून म्हणाले. "चुना लावून आत मांडल्यात, बगा."

आबांनी माझ्याकडं डोळे वटारून बघितलं आणि पाहुण्यांकडं वळून दात काढले. हे दोन्ही एकाच चेहऱ्यानं करायची कला त्यांना साधलेली होती. आबा म्हणजे व्यंकटराव बिराजदार, सारसवाडीचे सरपंच आणि माझे थोरले चुलत दीर. माझं नाव दुरपदा. मी गावात बालवाडी चालवायचे. थोरल्या दिरासमोर सुनांनी तोंड उघडायचं नाही अशी आमच्याकडं रीत, पण दिवसभर पोरांना दटावून दटावून माझं तोंड फटकळ झालं होतं आणि घरी आल्यावर ते मिटायचं विसरायचं. या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. तोंड अजून तसंच आहे.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात गावं ओस पडतात आणि रानं भरतात. ज्यानं त्यानं आपापल्या रानात कडब्याची कोप उभारायची, आत पांडव मांडायचे, सगळ्या भाज्यांची मिसळ भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि बिंदगंभर, म्हणजे घागरभर, अंबिल न्यायची. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली ती अंबिल आधी रानाला शिंपडायची, मग यजमानानं प्यायची, मग वाटेनं जाणारा कुणीही असो, त्याला हाताला धरून आणून पाजायची. त्या दिवशी कुणी उपाशी राहत नाही आणि कुणी नको म्हणत नाही. त्या वर्षी मात्र आबांनी दवंडी दिली, की खालच्या रानातल्या सगळ्यांनी मिळून एकच येळवस करायची, प्रकल्पाच्या ज्वारीत, आणि साहेबलोकांना बोलवायचं.

हा प्रकल्प काय ते सांगते, म्हणजे आबांचं शहाणपण ध्यानात येईल. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा कारखाना आला, तेव्हा नारळ आबांनीच फोडला होता. कारखान्याचं पाणी ओढ्यानं खालच्या रानात उतरायचं, धुराड्याची राख वाऱ्यानं यायची. काही वर्षांतच खालच्या रानातल्या म्हशी पाय झाडून मरायला लागल्या. माती तपासायला गेली आणि मातीत शिसं निघालं. गाव म्हणालं, आधी धुराडं बंद करा आणि आमची नासलेली माती उचलून न्या. त्यावर सबनीस साहेब, म्हणजे कारखान्याचे मॅनेजर, एक तक्ता घेऊन आले आणि म्हणाले, माती कशाला उचलायची, आपण तिच्यातून इंधन काढू.

खालच्या सगळ्या रानात गोड ज्वारी लावायची. तिच्या धांड्यात उसासारखा रस असतो. रस गाळायचा, आंबवायचा, त्याचं इथेनॉल करायचं आणि पेट्रोलमध्ये मिसळून मोटारी पळवायच्या. शिवाय हे पीक मुळांनी शिसं ओढून घेईल आणि माती हळूहळू स्वच्छ होईल. किती वर्षांत, असं विचारलं की सबनीसांना ठसका लागायचा. वरून धुराडं रोज ओततच होतं आणि खालून आम्ही ज्वारी लावून उपसणार होतो. माझ्या बालवाडीतल्या पोरांनीसुद्धा आधी नळ बंद करा म्हणून सांगितलं असतं. आबा मात्र सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "आजपस्तोर आपली जवारी भाकरीत गेली. आता मोटारीत जानार!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांच्या बाबतीत आमचं गाव कधी मागं पडत नाही.

अट एकच होती. त्या ज्वारीचा दाणा कुणी खायचा नाही आणि कडबा जनावरांपुढं टाकायचा नाही, सगळं कणसासकट ट्रकमध्ये गेलं पाहिजे. मातीत घाबरण्यासारखं काही नव्हतं, तरी ही अट होती. दिवाळीच्या तोंडावर पहिलं पीक निघालं. ट्रकमध्ये धांडी चढली, पण एकाही धांड्यावर कणीस नव्हतं.

"कणसं कुठं गेली?" सबनीसांनी विचारलं.

"पाखरांनी खाल्ली, साहेब," आबा म्हणाले. "औंदा पाखरं लई."

सबनीसांनी मान डोलावली. त्यांना रस हवा होता, दाण्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पाखरं दाणा टिपतात, विळ्यानं कणीस कापून पोत्यात भरत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण विळे आबांच्या गड्यांचे आणि ट्रॅक्टर आबांचा. गावानं आभाळाकडं बघितलं आणि खरंच औंदा पाखरं लई, असं एकमेकांना सांगितलं. मी एकदा आबांना विचारलं, की पाखरं कुठल्या दिशेनं उडाली. ते म्हणाले, तू आपली बालवाडी सांभाळ. मीही तो विषय सोडला, कारण माझा जीव तेव्हा दुसरीकडंच टांगलेला होता.

माझी सून उज्ज्वला दिवसांत होती. तिचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं, त्यातही शिसं निघालं. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की परत तशी वेळ आली तर तुमच्या त्या रानातलं काहीही हिच्या पोटात जाऊ देऊ नका, एवढं तुम्ही सांभाळा. तेव्हापासून आमच्या घरात ज्वारी माझ्या माहेराहून यायची, पाणी शेजारच्या गावच्या हापशाचं यायचं आणि उज्ज्वलाच्या ताटात काय पडतंय यावर माझी नजर असायची. आता सहावा महिना चालू होता. मला प्रकल्प नको होता, फोटो नको होता, मोटार तर नकोच नको होती. मला ते मूल जिवंत हवं होतं.

म्हणून त्या सकाळी कोपीत शिरल्या शिरल्या मी पहिलं काम केलं. अक्का, म्हणजे आबांची बायको, माझ्या थोरल्या जाऊबाई, बिंदग्याच्या गळ्याला दोरा गुंडाळत बसल्या होत्या. अक्का साध्या बाई. नवरा सांगेल ती पूर्व. पण अंबिलीला त्यांच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता आणि हे त्यांनाही माहीत होतं.

"अक्का, जवारी कुठली घेतलाव?" मी विचारलं.

"आल्या आल्या तपासनी सुरू?" त्या हसल्या. "घरच्या पोत्यात सोंडे झालते. म्हनून बाजारातून आनली. पांढरी फेक हाय, बग."

"नक्की बाजारची?"

"अगं, तुज्या सुनंला पाजायची हाय म्हनल्यावर मी काय ह्या रानातली घीन का? मला काय लेकरंबाळं न्हाईत का? पांडवापुढची अंबिल आमच्या घरात पोटुशीला देत्यात. उजूला मी माज्या हातानं देनार हाय. तू मधी आडवी पडू नको."

बाजारची म्हटल्यावर मी निर्धास्त झाले. उज्ज्वलाला कोपीच्या सावलीत पोत्यावर बसवलं आणि वाढायच्या तयारीला लागले.

पूजा झाली. आबांनी 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत कोपीभोवती अंबिल शिंपडली आणि फोटोवाल्यासाठी परत एकदा शिंपडली, कारण पहिल्यांदा सबनीस फोटोत आले नव्हते. मग सबनीस बोलायला उभे राहिले. म्हणाले, या मातीनं विष पचवलं आहे आणि आता ती देशाला ऊर्जा देणार आहे. पलीकडं धुराडं आपल्या परीनं त्यांच्या भाषणात भर घालत होतं. मुंबईच्या साहेबांनी विचारलं, शेतकरी खूश आहेत का. सबनीस म्हणाले, बघा ना, सण साजरा करतायत.

पंगत बसली. अक्का पेले भरत होत्या, मी नेऊन देत होते. सबनीसांनी पेला घेतला, पण ओठाला लावेनात. एका डोळ्यानं ते भोवतीच्या ज्वारीकडं बघत होते आणि दुसऱ्या डोळ्यानं पेल्याकडं. अक्कांच्या ते लक्षात आलं. त्या बिंदग्यापासूनच मोठ्यानं म्हणाल्या, "भिऊ नगा, साहेब. ह्या रानातली न्हाई. मदनशेटच्या आडतीवरची जवारी हाय. सरपंचाच्या घरचं गिऱ्हाईक म्हनून आत ठिवलेलं पोतं काडून दिलं त्यानं."

सगळे हसले. सबनीस लाजल्यासारखे हसले आणि पेला घटाघटा रिकामा केला.

"वा! काय चव आहे! शहरात हे मिळणार नाही," ते म्हणाले आणि पेला पुन्हा पुढं केला.

आबा हसले नाहीत. त्यांचा पेला ओठापर्यंत गेला होता, तो तिथंच थांबला. मग त्यांनी तो खाली ठेवला, सतरंजीच्या कडेला, आणि हातानं हळूच लांब सरकवला. मला नवल वाटलं. येळवशीला हा माणूस एकटा अर्धं बिंदगं पितो, अशी ख्याती होती. पिऊन झाल्यावर पोटावरून हात फिरवत कडब्यावर लोळायचं, मग अक्कांनी त्यांना हलवून हलवून उठवायचं, हे दर वर्षीचं.

"आबा, घ्या की," पंगतीतल्या कुणीतरी म्हटलं.

"मला आज उपास हाय," आबा म्हणाले.

येळवशीला उपास! आमच्या गावात दिवाळीला सुतक पाळणारा निघाला असता, पण येळवशीला उपास धरणारा मी जन्मात बघितला नव्हता. पाहुण्यांना त्यातलं काय कळणार, ते भज्जी खात होते. मी आबांकडं बघत राहिले. त्यांचं लक्ष पंगतीवर नव्हतं, ते त्यांच्या नातवाला शोधत होते. पाच वर्षांचा ओंकार, वंशाचा एकुलता दिवा, बिंदग्यापाशी उभा होता आणि अक्कांनी दिलेला पेला दोन्ही हातांनी तोंडाला लावत होता. आबा एवढ्या देहाचा माणूस, पण असे उठले की पत्रावळ पायाखाली गेली. चार ढांगांत त्यांनी पोराला गाठलं आणि हातावर फटका मारला. पेला उडून मातीत पडला. पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं.

"अवो, काय करलालाव?" अक्का ओरडल्या.

"माशी पडलती," आबा म्हणाले. पोराला बखोटीला धरून त्यांनी गड्याच्या हवाली केलं. "ह्याला घरी ने. ऊन लागलालंय त्याला." मग ते परत येऊन पंगतीत बसले, कपाळ पुसलं आणि मुंबईच्या साहेबांना म्हणाले, "वाढू का अजून थोडी अंबिल?"

हे ऐकलं आणि मला एक जुनी गोष्ट आठवली. दिवाळीच्या आधी माझा मुलगा बळीराम, जो टेम्पो चालवायचा, घरी येऊन म्हणाला होता, की आबांचा ट्रॅक्टर मदनशेटच्या आडतीत पोती उतरवत होता. मी म्हटलं होतं, सोयाबीन असेल. पाखरं कुठल्या दिशेनं उडाली, त्याचं उत्तर एवढे दिवस माझ्या घरातच पडलेलं होतं. पाखरांनी ज्वारी मदनशेटला घातली, मदनशेटनं पोतं आत ठेवलं आणि सरपंचीणबाई आल्या म्हणून मोठ्या मानानं तेच काढून दिलं.

मी वळून बघितलं तर अक्का हातात पेला घेऊन उज्ज्वलाकडं निघाल्या होत्या. चेहऱ्यावर एवढं कौतुक, की जणू स्वतःच्याच लेकीला द्यायला चालल्यात. आबांनाही ते दिसत होतं. ते नेमके त्याच वेळी उंडा कुस्करायला लागले.

मी मधे गेले आणि अक्कांच्या हातातला पेला घेतला.

"अगं, उजूचा हाय तो," अक्का म्हणाल्या.

"देते की. आदी यजमानाला देते. रानाला शिंपडली की यजमानानं प्यायची, मग दुसऱ्यांनी. रीत हाय न्हवं?"

मी आबांसमोर जाऊन पेला धरला.

"घ्या, आबा."

"सांगितलं न्हवं, उपास हाय म्हनून?"

"कशाचा?"

"मारुतीचा."

"उपासाला उंडा चालतोय जनू."

आबांनी हातातला कुस्करलेला उंडा खाली ठेवला. मागून मालक, म्हणजे बळीरामचे वडील, म्हणाले, "अगं, गप की." मालक आयुष्यभर तेवढंच म्हणत आले.

"दुरपदे, पावन्यापुढं तमाशा करू नको," आबा दबक्या आवाजात म्हणाले.

"तमाशा कशाचा? एक घोट घ्या. मग मी सुनंला पाजते. तुमी घेतलाव की मला घोर न्हाई."

"पोटात दुखलालंय माज्या."

"आत्ता तर उपास होता."

सगळी पंगत आमच्याकडं बघायला लागली. सबनीसांना वाटलं, आपण काहीतरी केलं पाहिजे. त्यांनी उठून माझ्या हातातला पेला घेतला. "अहो बाई, का आग्रह करताय त्यांना? मला द्या. माझं मन काही भरत नाही." आणि तिसरा पेलाही त्यांनी रिकामा केला. आबा त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होताना बघत होते. सबनीस साहेबांना पाजायला आबांची हरकत नव्हती, हे मी एक वेळ समजू शकते. पण माझ्या सुनेसाठीही त्यांचं तोंड उघडलं नव्हतं आणि तेच माझ्या मस्तकात गेलं होतं.

"आबा," मी आता मोठ्यानं म्हणाले, "दिवाळीला मदनशेटच्या आडतीत काय उतरवलाव?"

"सोयाबीन."

"तुमचं सोयाबीन तर औंदा पान्यात कुजलं. नुकसान झालं म्हनून तुमीच तहसीलला बोंबलत गेलताव."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. आबांनी पंगतीकडं बघितलं, मग साहेबांकडं, मग सतरंजीकडं. अक्कांना मात्र यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की आपल्या अंबिलीला नवरा हात लावत नाही आणि धाकट्या जावेनं चारचौघांत तिचा पंचनामा मांडलाय. त्यांचे डोळे भरून आले.

"काय झालंय माज्या अंबिलीला? आं?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं प्यालाव. आजच कामून नको झाली? नासलीय का? इटलीय का? बगा, मीच पिते."

"अक्का, नगा," मी म्हणाले. पण त्यांचा राग माझ्यावरच होता. माझा हात झिडकारून त्यांनी बिंदग्यातून पेला भरला, आबांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि तोंडाला लावला.

मी आबांच्या उजव्या हाताकडं बघत होते. याच हातानं त्यांनी ओंकारचा पेला उडवला होता. तो हात आता मांडीवर होता. अक्का शांतपणे पीत होत्या, नवऱ्याकडं बघत. पेला मोठा होता आणि हात लांब करायचा झाला तर अंतर काहीच नव्हतं. तो हात मांडीवरून हलला नाही. अक्कांनी पेला पालथा करून दाखवला.

"कुठली ज्वारी?" सबनीसांच्या डोक्यात आता उजेड पडायला लागला होता. "हे कुठल्या ज्वारीबद्दल बोलतायत?"

पंगतीच्या टोकाकडून एक म्हातारा म्हणाला, "पाखरांनी खाल्लेली, साहेब!"

पुढं जे झालं, त्याचा फोटो काढायला हवा होता, पण फोटोवाला स्वतःच पेला खाली ठेवून थुंकत होता. सबनीस साहेब कोपीच्या मागं धावले आणि घशात बोट घालून ओकायला लागले. मुंबईचे दोघं इंग्रजीत एकमेकांवर खेकसत गाडीकडं सुटले. दर महिन्याला येऊन आम्हाला धीर देणारा माणूस गुडघ्यांवर बसून रडवेला झाला होता.

"दवाखाना कुठं आहे? जवळ दवाखाना कुठं आहे?" तो विचारत होता.

"एवडं काय घाबरताव, साहेब?" मी म्हणाले. "आमी ह्या मातीतलं किती वर्सं खाल्लंय. घाबरन्यासारखं काय न्हाई म्हनं तिच्यात." मला त्याची कीव आली नाही. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

मग पंगतीतली माणसं उठली. कुणी पोरांच्या तोंडात पाणी ओतू लागलं, कुणी आबांच्या अंगावर धावलं. उज्ज्वला पोटावर हात ठेवून कोपीला टेकून उभी होती. "आत्याबाई, मी न्हाई प्याले. घोटबी न्हाई," ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. मी तिचे ओठ पदरानं पुसले, कोरडे होते तरी पुसले.

आबा उठून उभे राहिले आणि त्यांनी सभेतला आवाज काढला. "गप बसा! काय लावलंय? एका पेल्यानं काय हुतंय? मरत न्हाई कुनी!"

तोवर अक्का तिथंच, रिकामा पेला हातात धरून उभ्या होत्या. त्यांना आता समजलं होतं. सावकाश, एकेक करून समजलं असावं. मातीत पडलेला ओंकारचा पेला त्यांनी उचलला, पदरानं पुसला आणि आपल्या पेल्यात ठेवला.

"पोराच्या हातातला पाडलाव," त्या आबांना म्हणाल्या. "माज्या हातातला न्हाई."

अक्का बिंदग्याजवळ गेल्या, ते उचललं, ज्वारीत नेऊन पालथं केलं आणि एकट्याच पायवाटेनं घराकडं चालायला लागल्या.

बाकीचं थोडक्यात सांगते. एका पेल्यानं कुणी मेलं नाही, एवढं आबांचं खरं ठरलं. मदनशेटकडची उरलेली पोती कुणाकुणाच्या घरात, कुठल्या खानावळीत गेली, याचा पत्ता कधी लागला नाही, आणि शोधायचा कुणी फारसा प्रयत्नही केला नाही. सबनीसांनी आठवड्यानं वर्तमानपत्रात सांगितलं, की दाण्यात शिसं नगण्यच असतं आणि प्रकल्प सुरक्षित आहे. त्यांचे बूट आमच्या बांधावर राहिले होते, ते न्यायला मात्र ते आले नाहीत. पुढं प्रकल्प दुसऱ्या जिल्ह्यात गेला. तिथंही एखाद्या सरपंचाला मोटारीची हौस असणारच. कारखाना अजून आहे, धुराडं अजून आहे, आणि आबा त्यानंतर एकदा पुन्हा निवडून आले. मिरवणूक निघाली, टाळ्या झाल्या.

उज्ज्वलाला मुलगी झाली. धडधाकट. आता कॉलेजात जाते आणि तोंडानं माझ्यावर गेली आहे.

अक्का नवऱ्याला सोडून गेल्या नाहीत. आमच्याकडच्या बायका जाणार कुठं. त्या दिवसाबद्दल त्या परत अवाक्षर बोलल्या नाहीत. पण मी अजून कधी जेवणाच्या वेळी त्यांच्या घरी गेले, की बघते. अक्का आबांना ताट वाढतात आणि समोर बसतात. आबा पहिला घास तोडतात, तोंडात घालतात, चावतात, गिळतात. अक्का त्यांच्या तोंडाकडं बघत असतात. घास खाली उतरला, की मग त्या उठून स्वतःचं ताट घेतात.

गावातल्या म्हाताऱ्या आपल्या नव्या सुनांना अक्कांचं घर दाखवतात. म्हणतात, बायको असावी तर अशी, अजून नवऱ्यानं घास घेतल्याशिवाय जेवत नाही.